ओटीवरचे सात दिवस

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा जहाजं इतकी सावकाश असत, की एक जहाज जाऊन परत येईपर्यंत कडेवरची पोरं अंगणभर धावायला लागायची.

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गावाची शेतं समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली होती. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं, तर एका हाताला पाणी दिसे आणि दुसऱ्या हाताला, त्याच्याहून कंबरभर खाली, डोलणारं भात. मध्ये फक्त मातीचा बांध. मला तर हे नुसतं सांगतानाही धडधडतं. पण ती माणसं तिथेच जेवत, भांडत, लग्नं लावत आणि दुपारी घोरत पडत. कारण बांधाला एक राखणदार होता.

राखणदाराची बायको कधीच वारली होती. घरात तो आणि त्याची एकोणीस वर्षांची मुलगी. मुलीला गावाने नाव ठेवलं होतं दचकी. खंड्या पक्षी पाण्यात सूर मारायचा आणि हिच्या हातून कळशी पडायची. कुणी मागून "काय गं?" म्हटलं, तरी किंचाळी वेशीपर्यंत जायची. गाव हसायचं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचं.

पण एका गोष्टीत गाव तिला मानत असे. बांधाला समुद्रापेक्षा मोठा शत्रू म्हणजे खेकडा. खेकडे बांधात भोकं पाडतात. एका भोकातून आधी ओल येते, मग धार येते, मग अख्खा समुद्र येतो. ही भोकं बुजवण्याचं काम दचकी बारा वर्षांची असल्यापासून करत होती, आणि सात वर्षांत तिने बुजवलेलं एकही भोक उघडलं नव्हतं.

आता राखणदाराबद्दल. सात दिवस आणि सात रात्रींच्या प्रवासावर एक बेट होतं. तिथली शेतं समुद्राने गिळली होती. दर तीन वर्षांनी पावसाळा सरला, की तिकडचं जहाज गावात येई. तांडेल, म्हणजे जहाजाचा मुख्य, वेळूचं एक नळकांडं घेऊन उतरे. नळकांड्यात त्या बेटावरची माती असे. राखणदार ती चिमूटभर जिभेवर ठेवी. खारट.

"बांध घालायला शिकवणारं कुणी द्या, असा निरोप आहे," तांडेल म्हणे.

पहिल्यांदा हा निरोप आला तेव्हाच राखणदाराने ठरवलं होतं, की आपण जायचं. पण त्या वर्षी बायको अंथरुणाला खिळली होती. पुढच्या खेपेला मुलगी लहान होती. त्याच्या पुढच्या खेपेला मुलगी तापाने फणफणली होती. आता चौथी खेप. गुडघे कुरकुरायला लागले होते. आता नाही तर मग नाहीच, हे त्याला ठाऊक होतं.

त्या गावात एक रीत होती. समुद्रापलीकडे जाणाऱ्याने निघण्याआधी सात दिवस आपल्याच घरात पाहुणा होऊन राहायचं. ओटीवर बसायचं, वाढलं ते खायचं, मीठ कमी पडलं तरी मागायचं नाही. आपल्या गाठोड्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आणि कामाबद्दल कुणी विचारलं तर सांगायचं, न विचारता एक शब्द काढायचा नाही. सात दिवसांत त्याचा पाय ओटीखाली जमिनीला लागला, तर तांडेल त्याला जहाजात घेत नसे. आंघोळीपांघोळीला तेवढं मागच्या दाराने जायची मुभा.

"ज्याला आपल्या घरात पाहुणा होता येत नाही, तो दुसऱ्याच्या घरी जाऊन मालक होतो," असं गावातली सगळ्यांत म्हातारी बाई सांगे. तिला सगळे मावशी म्हणत. पाहुण्यावर लक्ष ठेवणं तिच्याकडे होतं.

पहिल्या दिवशी मावशी काठी टेकत आली आणि ओटीच्या कडेला बसली.

"काय पाहुणे, झोप लागली का?"

"लागली."

"खोटं बोलतोस. डोळे बघ कसे झालेत. आमटी कशी होती?"

राखणदार गप्प राहिला. आमटीत मीठच नव्हतं.

मावशी हसली. "शिकशील हळूहळू."

राखणदाराने गाठोडं सोडलं. मापाच्या गाठी मारलेली सुताची दोरी, माती ठोकायची चोपणी, बांधाच्या कडेला रुजवायला तिवराच्या शेंगा. सगळं नीट होतं. त्याने ते पुन्हा बांधलं. थोड्या वेळाने पुन्हा सोडलं.

एक गोष्ट मात्र त्या गाठोड्यात नव्हती.

सात वर्षं दचकी भोकं बुजवत होती हे खरं. पण ती फक्त भोकाचं तोंड बुजवायची. आत हात घालायची तिला भीती वाटे. आत खेकडा असतो, आणि तो चावतो. राखणदाराने हे पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. पोरीला बोलायचं त्याच्या जिवावर आलं. आई नसलेली पोर, त्यात अशी घाबरट. म्हणून रोज पहाटे ती उठायच्या आत तो बांधावर जाई, तिने लावलेली माती काढी, खांद्यापर्यंत हात घालून पेंढा आत दाबी, आणि वरून तिच्या बोटांसारखीच हलकी बोटं उमटवून ठेवी. सात वर्षं रोज. तिला कधी कळलं नाही. गावालाही नाही.

आता तो ओटीवर होता. आणि बांधात रोज चारपाच भोकं पडत होती, ज्यांची नुसती तोंडं बंद होती.

टिकतील, तो मनाशी म्हणे. सात दिवस तर टिकतील. त्याच्यापुढचं त्याने मनात येऊ दिलं नाही. तुम्ही त्याला वाईट म्हणू नका. फार वर्षं वाट पाहिलेलं माणूस कधीकधी एक डोळा मिटून घेतं.

सुरुवातीला भरत्या लहान होत्या. पाणी बांधाच्या पायाशी येई आणि परत जाई. पण अमावास्या जवळ येत होती, आणि पाणी रोज वीतभर वर चढत होतं. सातव्या दिवशी अमावास्या. त्या दिवशी दुपारी उधाणाची भरती. तिच्यावरच जहाज खाडीत येणार होतं आणि ओहोटीबरोबर परत जाणार होतं. ज्या पाण्याने राखणदाराला न्यायचं, तेच पाणी बांधावर चढणार होतं.

सहाव्या दिवशी दुपारी, भरती ओसरल्यावर दचकी बांधावरून चालली होती. उघाडीजवळ, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडायच्या लाकडी झडपेजवळ, तिला शेताच्या अंगाला ओल दिसली. बरोबर पलीकडे, समुद्राच्या अंगाला, तिने चार दिवसांपूर्वी बुजवलेलं भोक होतं. तिने माती चाचपली. माती भसकन आत गेली आणि आतून एक म्हातारा खेकडा बाहेर आला.

दचकी किंचाळली. लांब शेतात कुणीतरी हसलं.

"ओरडू नकोस," खेकडा म्हणाला. "माझे कान दुखतात."

"तुला... तुला कान असतात?"

"नसतात. म्हणून विचार कर, केवढी ओरडतेस." खेकड्याने एक नांगी उंचावली. "तुझा बाप कुठे आहे? सहा दिवस झाले, पहाटेचा आला नाही."

"पहाटे? बाबा पहाटे कशाला येतील?"

"अगं, तू दिवसा दार लावायचीस आणि तो पहाटे येऊन खोली भरायचा. एवढं आम्हाला कळतं, तुला नाही कळलं? तू एकटीने बुजवलेलं एक भोक दाखव मला. या सहा दिवसांतली सोडून."

दचकी मागे सरली. "खोटं बोलतोस."

"खेकड्याला काय पडलंय खोटं बोलायचं? हात घालून बघ की आत. किती पोकळ आहे ते कळेल."

तिने हात पुढे केला. बोटं आत गेली, मनगट गेलं. आत थंड होतं आणि काहीतरी हललं. तिने हात झटक्याने बाहेर ओढला. खेकडा तिरका तिरका चालत आत निघून गेला.

दचकी घरी आली ती धावतच. राखणदार गाठोडं बांधत होता. मावशी जेवायला गेली होती.

"बाबा, मी बुजवलेली भोकं तुम्ही परत बुजवत होता?"

राखणदाराच्या हातातली गाठ तशीच राहिली. विचारलं तर सांगायचं, ही रीत.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, बाय."

"सगळं गाव म्हणतं, हिच्या हाताला यश आहे. तुम्ही ऐकत होता आणि हसत होता?"

"हसत नव्हतो गं. तुला भीती वाटायची. मला वाटलं, होईल हळूहळू मोठी."

"मोठी कशी होणार होते मी? तुम्ही होऊ दिलंत?" तिचा आवाज चिरकला. "उद्या उधाण आहे. बांधात पंचवीसतीस भोकं आहेत, सगळी पोकळ. तुम्हाला माहीत होतं! तुम्ही इथे बसून गाठी मारत होता. आणि उद्या टिकलं, तरी तुम्ही गेल्यावर? परवा? तेरवा?"

राखणदाराने खाली पाहिलं. मग तो म्हणाला, "मी येतो. आत्ता चल. अंधार पडायच्या आत आपण दोघं..."

आणि त्याने एक पाय ओटीखाली सोडला.

पाहा, अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येतं! दचकीच्या मनात आलं, उतरू दे. उतरले तर जाणार नाहीत. बांध वाचेल, बाबा राहतील, पहाटे कुणीतरी आपल्या मागून जाईल. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

पाय जमिनीपासून वीतभर वर होता.

"बाबा," ती म्हणाली, "पाय वर घ्या."

"बाय, अगं..."

"पाय वर घ्या म्हणते ना! पाहुणे आहात तुम्ही." तिने डोळे पुसले. "मी विचारते, तुम्ही सांगा. हात आत कसा घालायचा?"

राखणदाराने पाय वर घेतला.

"सावकाश घालायचा नाही. सावकाश जाणाऱ्या हाताला तो चावतो. पेंढ्याचं वेटोळं मुठीत धरायचं आणि सरळ खांद्यापर्यंत घालायचं. पेंढा आत दाबायचा, मग चिकणमाती, मग वरून टाच."

"आणि चावला तर?"

"चावू द्यायचं. हात मागे ओढलास, तर पेंढाही मागे येतो."

"भीती वाटली तर?"

राखणदाराने आपला उजवा हात उलटा करून पाहिला. "मला अजून वाटते," तो म्हणाला.

हे त्याने तिला सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी उजाडलं तेव्हा ओहोटी होती. दचकी रात्रभर वळलेल्या पेंढ्याच्या वेटोळ्यांचा भारा आणि मातीची टोपली घेऊन बांधावर गेली. कुणाच्या शेताजवळून सुरुवात करायची, याचा तिने विचार केला. आपला कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, तिने शेवटी ठेवला.

पहिल्या भोकापाशी ती गुडघ्यांवर बसली. डोळे मिटले. मूठ आत गेली. कोपर गेलं. खांदा मातीला टेकला. आणि खेकडा चावला.

ती अशी किंचाळली, की खाडीपलीकडचे बगळे उडाले. पण हात आतच होता.

गावात कुणी मान वर केली नाही. "दचकीने बेडूक पाहिला असेल," एक जण म्हणाला. दुसऱ्या भोकापाशी पुन्हा किंचाळी आली. "आता बेडकाने हिला पाहिलं," दुसरा म्हणाला. मग तिसरी किंचाळी, मग चौथी. सकाळभर चालू होतं. बायका भात सडता सडता हसत होत्या.

ओटीवर राखणदार एकेक किंचाळी मोजत होता. मावशी शेजारी बसून सुपारी कातरत होती. ऊन चढलं. खाडीचं पाणी परतून आत यायला लागलं. बाविसावी किंचाळी. तेविसावी. पाणी बांधाच्या कमरेला लागलं. लांब जहाजाचं शीड दिसलं. पोरं आरोळ्या देत धक्क्याकडे पळाली.

सव्विसावी.

आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

राखणदाराने गाठोडं छातीशी आवळलं. पाणी भरत होतं आणि बांधावरून आवाज येत नव्हता. शेवटचं भोक त्यांच्याच कुणग्यावरचं असणार, आपलं काम ती शेवटीच करते, हे त्याला माहीत होतं. ते सगळ्यांत खोल असायचं. त्याने मावशीकडे पाहिलं. न विचारता बोलायचं नव्हतं. त्याचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. खाली जमीन होती, एका पावलावर. समोर शीड होतं. आणि तिने सांगितलं होतं, पाय वर घ्या.

मावशीचा अडकित्ता थांबला.

"पाहुणे," ती हळूच म्हणाली, "काय झालं? विचारते आहे मी."

राखणदाराने एका दमात सांगितलं, "माझ्या कुणग्यावरचं भोक. पेंढ्याचे भारे आणि माती घेऊन दहा माणसं पाठवा. धावत."

म्हातारी उठली ती काठी विसरून. "अरे, ऐकलंत का? दचकी ओरडायची थांबली!"

आणि काय सांगू, अख्खं गाव दचकलं. जिच्या किंचाळीला सात गावं हसायची, तिचं गप्प राहणं ऐकून माणसांच्या हातातली कामं गळाली. मुसळं पडली. माणसं भारे डोक्यावर घेऊन बांधाकडे पळाली.

दचकी समुद्राच्या अंगाने बांधाला कान लावून पालथी पडली होती. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत भोकात होता. पेंढा आत पोचला होता, पण माती लावायच्या आधीच पाणी आलं होतं. हात काढला तर पेंढा वाहून जाणार, आणि मग बांध. म्हणून तिने हातच बूच करून ठेवला होता. आत खेकडा बोट सोडत नव्हता, बाहेर पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं. तिच्या काखेखालून पाणी घुसून पलीकडे कुणग्यात धार पडत होती. ओरडायला तोंड उघडलं तर खारं पाणी आत जात होतं. म्हणून ती गप्प होती.

दोघांनी तिला धरलं. चौघांनी शेताच्या अंगाने माती ठोकली. दोघांनी पाण्यात उतरून पेंढा दाबला.

"आता काढ हात," एक जण म्हणाला.

"टाच मारा आधी," दचकी म्हणाली.

टाच मारली. मग तिने हात काढला. एक बोट काळंनिळं झालं होतं आणि त्याला खेकडा लटकत होता. "सोड आता," ती त्याला म्हणाली. "झालं काम." त्याने सोडलं.

बांध टिकला. पण राखणदाराच्या कुणग्यात खारं पाणी शिरलं होतं. पंधरा दिवसांत कापायचं पिवळं भात त्यात उभं होतं. ते भात गेलं. पुढची तीन वर्षं तिथे काही उगवलं नाही.

ओहोटी लागली. तांडेल ओटीसमोर येऊन उभा राहिला.

"मावशी, पाहुणा पाहुणा राहिला का?"

मावशी तोंड उघडणार, तेवढ्यात राखणदार म्हणाला, "काल माझा पाय खाली सुटला होता."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. "जमिनीला लागला?"

"नाही लागला," गर्दीतून दचकी म्हणाली. ती चिखलाने माखली होती, हाताला फडकं बांधलेलं होतं. "वीतभर वर होता. मी पाहिलाय."

"वीतभर म्हणजे कुणाची वीत?" तांडेलाने विचारलं.

"माझी. आता थोडी सुजली आहे."

तांडेल हसला. म्हणाला, "चला."

राखणदार ओटीवरून उतरला. सात दिवसांनी त्याचे पाय मातीला लागले. तो मुलीसमोर उभा राहिला आणि तिचा सुजलेला हात आपल्या हातात धरून त्याने नुसता पाहिला. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण तिने काही विचारलं नव्हतं, म्हणून तो बोलला नाही. त्याने गाठोडं उचललं आणि गेला.

तीन वर्षांनी जहाज आलं. राखणदार उतरला. दाढी पांढरी झाली होती. तांडेलाने नळकांडं उघडलं आणि दचकीच्या तळहातावर माती ठेवली. तिने जिभेला लावली. खारट नव्हती.

"बाबांनी केवढा मोठा बांध घातला?" तिने विचारलं.

"यांनी?" तांडेल म्हणाला. "यांनी एक टोपली उचलली नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून उभे असायचे. आम्ही चुकलो की म्हणायचे, विचारा म्हणजे सांगतो. पहिला बांध फुटला, दुसरा फुटला, आम्ही यांना शिव्या दिल्या. तिसरा उभा आहे. त्याच्यावर यांच्या बोटाचा एक ठसा नाही, सगळे आमचेच."

राखणदार हसला आणि सवयीने ओटीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जाग आली, तेव्हा दचकी बांधावर निघाली होती. तो अंथरुणातून उठला नाही. थोड्या वेळाने लांबून एक किंचाळी ऐकू आली. त्याने कूस बदलली आणि तो निवांत झोपला.

कारण दचकी अजून दचकते. पण ती हात मागे ओढत नाही.

तात्पर्य : आपल्या माणसाच्या वाट्याची भीती आपण गुपचूप पेलत राहिलो, तर आपण त्याला वाचवत नाही, त्याला आतून पोकळ ठेवतो.